मोशीच्या ‘किसान’ प्रदर्शनाला दिवसभर जायचंय: अंगावर काय, पिशवीत काय?

डाळिंबवाला_सांगोला

मंडळी, डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला ‘किसान’चं शेती प्रदर्शन भरतंय. आमच्या वाडीतून एक क्रूझर ठरली आहे. रात्री दीडला निघायचं, सकाळी आठच्या आत गेटवर. संध्याकाळी बंद होईपर्यंत तिथंच, आणि रात्री परत. मुक्काम नाही.

गाडीत आमचे अण्णा (६८ वर्षं, शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन), आई, चुलते, शेजारचे दोघं आणि बचत गटाच्या तीन बाया. अण्णांना ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर बघायचाय, मला ठिबकचा फिल्टर, आईला म्हणे ‘सगळं’. धोतर, पायात कोल्हापुरी, खांद्यावर टॉवेल असा अण्णांचा पोशाख ठरलेला. बूट घाला म्हटलं तर म्हणाले, "मी काय पोलीस भरतीला चाललोय?"

जाऊन आलेल्यांनी सांगा: कपडे, पादत्राणं, खाणं, औषधं, कागदपत्रं. काय न्यावं आणि काय उगाच ओझं होतं?

भीमाकाठ

दरवर्षी जातो, त्यामुळे हक्काने लिहितो.

पहिली गोष्ट थंडी. डिसेंबरात त्या भागात पहाटे दहा-बारा अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी तीसपर्यंत चढतं. प्रदर्शन असतं मोठमोठ्या तात्पुरत्या मांडवांत. आत माणसांची गर्दी, वर कापड, त्यामुळे दुपारी आत बाहेरपेक्षा जास्त उकडतं. म्हणून एकच जाड स्वेटर घालून जाऊ नका. सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, वर पातळ स्वेटर आणि गाडीपुरती शाल. शाल गाडीतच राहू द्या. स्वेटर दहा-साडेदहाला उतरतो, मग तो दिवसभर हातात धरायचा की कमरेला बांधायचा हे आधी ठरवा. कानटोपी खिशात मावते, मफलर नको.

शर्ट दोन खिशांचा, झाकणाचा असेल तर उत्तम. एका खिशात चष्मा, एकात पेन. पैसे बंडीच्या आतल्या खिशात. पॅन्टच्या मागच्या खिशात पाकीट ठेवून ट्रॅक्टरच्या दालनात शिरणारा माणूस फार भाबडा म्हणायचा.

धूळ असते. धुवट मोठा रुमाल किंवा साधा मास्क ठेवा. अण्णांचा टॉवेल आहे तसा असू द्या. घाम पुसायला, बसायला, डोक्यावर घ्यायला, तोंड झाकायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

कंजूस_करवीर

कोल्हापुरीला नाव ठेवायचं नाही लगा! पायात बसलेली, तेल पिलेली जुनी चप्पल असंल तर दिवसभर काय, पंढरपूरपर्यंत जातंय माणूस. नवी मात्र घालू नका. अंगठ्याच्या बाजूला आणि टाचेच्या पट्ट्याखाली सालटं निघतंय. प्रदर्शनाला जायचं म्हणून लोक आदल्या दिवशी नवी घेतात, आणि दुपारी एकला हातात चपला धरून हिंडतात.

डॉ_गल्लीबोळ

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. पण अण्णांना मधुमेह आहे म्हणून सांगतो, त्यांना बूटच. उघडी चप्पल नको.

कारण असं. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खडा टोचला, फोड आला, तरी कळत नाही. घरी आल्यावर मोजा रक्ताने चिकटलेला दिसतो तेव्हा समजतं. त्यात गर्दीत पायावर पाय पडतात, आणि यंत्रांच्या दालनात लोखंडाच्या कडा पायाच्याच उंचीला असतात. वापरून मऊ झालेले, बोटांकडे रुंद असे कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट घ्या. नवे आणायचे असतील तर आज आणा आणि रोज तासभर रानात घालायला लावा. मोजे सुती, आतली शिवण बोटांना घासणार नाही असे. एक जास्तीचा जोड पिशवीत ठेवा, दुपारी जेवताना बदला. परत आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात बघा, स्वतःला दिसत नसतील तर आईंना बघायला सांगा.

इन्सुलिनचं: वापरात असलेलं पेन किंवा बाटली तीस अंशांखाली चार आठवडे चालते, एका दिवसासाठी बर्फ नको. बर्फाला लावून गोठलं तर ते फेकायचंच. पण गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, अंगावरच्या पिशवीत मधोमध कपड्यात गुंडाळून ठेवा. सकाळचा डोस घेतल्यावर नाश्ता वेळेत झालाच पाहिजे. "आधी एक चक्कर मारू, मग खाऊ" हे त्या दिवशी चालणार नाही. चालणं नेहमीपेक्षा खूप जास्त होणार, त्यामुळे साखर खाली जायची शक्यता जास्त. डोस तोच ठेवायचा की कमी करायचा ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जायच्या आधी विचारा, इथे मी सांगणार नाही.

हात थरथरले, दरदरून घाम आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा उगाच चिडला, तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. क्रीमची बिस्किटं आणि चॉकलेट त्या वेळी उपयोगाची नाहीत, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. सावरल्यावर मग दशमी-भाकरी द्या. साखरेची पुडी अण्णांच्या खिशात हवी, तुमच्या पिशवीत नको. चुकामूक झाली की पिशवी तुमच्याकडे आणि अण्णा भलतीकडे.

डाळिंबवाला_सांगोला

डॉक्टर, मनापासून आभार. बुटांचं तुमचंच वाक्य वाचून दाखवलं. "डॉक्टर म्हणतात तर बघू" इथपर्यंत गाडी आली आहे. धोतरावर बूट कसे दिसतील ही आता नवी अडचण.

माळरान

धोतरावर बूट घालून कीर्तनाला जाणारे आमच्याकडे ढिगाने आहेत. कोण बघतंय?

धोतराचं खरं दुखणं वेगळं आहे. दिवसभर चालून मांड्या घासतात. निघताना आतल्या बाजूला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा आणि आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला. नवं कडक धोतर नको, चार धुण्यांतून गेलेलं हवं.

सखी_बचतगट

बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आम्ही गटाच्या बाया मिळून जातो, शेवया-पापडाची यंत्रं आणि डाळ मिल बघायला.

साडी नेसायचीच असेल तर सुती किंवा सुती मिसळीची, गडद रंगाची. निऱ्या दोन बोटं वर घ्या, नाहीतर काठ दिवसभर धूळ झाडत हिंडतो. पदर खांद्यावर पिन लावून आणि कमरेला खोचून. नऊवारीची सवय असेल तर चालायला तीच बरी. पंजाबी ड्रेस घालत असाल तर प्रश्नच मिटला, फक्त ओढणी गाठ मारून घ्या. चालू यंत्राचं प्रात्यक्षिक बघताना सुटा पदर किंवा लोंबती ओढणी अजिबात नको. पट्टा, चाक, फिरता दांडा कशातही अडकते. स्टॉलवरचा माणूस दरवेळी सावध करीलच असं नाही.

परकराला आतून खिसा शिवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मोबाईल मावेल एवढा, वर बटण किंवा चेन. पैसे आणि फोन त्यात. पर्स काखेत धरून दिवसभर फिरलं की खांदा जातो आणि लक्ष पर्शीतच राहतं. दागिना घरी. गळ्यात काळी पोत पुरे. पायात बूट. मी साडीखाली कापडी बूट घालते आणि मजेत फिरते.

आता नाजूक विषय. स्वच्छतागृहाला रांग लागते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ. पाणी प्या. पोचल्या पोचल्या, गर्दी वाढायच्या आत एकदा जाऊन या आणि जागा बघून ठेवा. पिशवीत कागदी साबण, टिश्यू, एक छोटी रिकामी बाटली. पाळी जवळ असेल तर पॅड आणि टाकायला काळी पिशवी. पोरींना सांगावं लागत नाही, पण आपल्या वयाच्या बाया "नंतर बघू" म्हणतात.

डाळिंबवाला_सांगोला

ताई, आईला वाचून दाखवलं. परकराचा खिसा आजच शिवायला टाकला. बचत गटातल्या तिघींचेही परकर आले आहेत.

स्टॉलच्या_पलीकडून

मी एका ठिबकच्या स्टॉलवर उभा असतो. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात नको. पलीकडच्या बाजूने चार गोष्टी.

बरेच जण विचारतात की कपडे चांगले नसतील तर स्टॉलवाले नीट बोलतात का. खरं सांगू? सकाळी अकरा ते चार आमच्यासमोर माणसांची रीघ असते, आणि प्रत्येक जण विचारतो, "याची किंमत काय?" आम्ही कॅटलॉग हातात देतो आणि पुढच्याकडे वळतो. ज्याच्याकडे आकडे असतात त्याला मात्र खुर्ची मिळते. एकदा मळक्या पायजम्यातले एक आजोबा आले. वहीचं पान काढून म्हणाले, "विहीर पन्नास फूट, मोटर पाच एचपी, विहिरीपासून बाग अकराशे फूट, चढ वीस फूट, ओळीतलं अंतर चौदा फूट, झाडात दहा." आमचा इंजिनिअर उठून उभा राहिला. पुढची वीस मिनिटं त्यांनी त्याला सोडलं नाही.

तेव्हा कपड्यांपेक्षा या कागदाची तयारी करा. फिल्टर बघायचाय म्हणता, तर पुढचं घेऊन या:

पाण्याचा प्रवाह. मोजायला सोपं आहे. मोटर पंधरा मिनिटं चालू द्या, मग २०० लिटरचा बॅरल पाइपाखाली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. ५० सेकंदांत भरला तर सेकंदाला ४ लिटर, म्हणजे ताशी १४,४०० लिटर. फिल्टरचं माप या आकड्यावर ठरतं, एकरावर नाही. आणि हे उन्हाळ्यातही एकदा मोजायचं असतं, पण ते पुढचं पुढे.

पाण्याचा तपासणी अहवाल. क्षार, सामू (पीएच), लोह. नसेल तर निदान एवढं सांगता यावं की पाणी विहिरीचं, बोअरचं की शेततळ्याचं. शेततळं असेल तर शेवाळ येतं, त्याला सँड फिल्टर लागतो. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लॉन. नुसता चकतीचा किंवा जाळीचा फिल्टर लावून भागत नाही.

आत्ताच्या हेड युनिटचा (मोटरीजवळच्या फिल्टर-व्हॉल्व्हच्या जोडणीचा) फोटो, बाजूला पट्टी किंवा टेप धरून. पाइप अडीच इंची की तीन इंची यावरून लोक स्टॉलवर भाऊ-भाऊ भांडताना बघितलेत.

यंत्रवेडा

ब्लोअरसाठी मी भर घालतो. ट्रॅक्टर किती एचपीचा हे सगळे सांगतात, पण ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. पीटीओची ताकद इंजिनपेक्षा कमी असते आणि ती ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेली असते. त्या पानाचा फोटो काढा. मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीचा फोटो काढा. दोन ओळींतलं अंतर, आणि फांद्या पसरल्यावर प्रत्यक्षात मोकळी राहणारी वाट किती, हे वेगवेगळे आकडे आहेत, दोन्ही मोजा. चौदा फुटी ओळीत भर बहारात आठ फूटही वाट राहत नाही. झाडाची उंची. आणि शेडच्या दाराची रुंदी! यंत्र घरी आल्यावर दारात अडकलेलं मी पाहिलंय, दाराची चौकट काढावी लागली.

खिशात पाच मीटरचा टेप ठेवा. स्टॉलवरच यंत्र मोजायचं. कुणी काही म्हणत नाही.

अजून महत्त्वाचं: अनुदानात घ्यायचा विचार असेल तर तिथे भावनेच्या भरात बुकिंग करून बिल फाडू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही. "प्रदर्शनापुरती सूट आजच" असं म्हणणारा विक्रेता ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही. आणि तुम्हाला हवं ते मॉडेल अनुदानाला पात्र आहे का, तेही सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आधीच विचारून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

बापा, येवढे आकडे पाठ करून जायाचं म्हन्जे परीक्षाच झाली! आमी तं अमरावतीहून रेल्वेनं येतो, चार-पाच जन. आमचं सामान म्हन्जे एक झोरा, त्यात ठेचा-भाकर. तिथलं खानं महाग पडते अन् रांगही लय. दुपारी दीडाले जेवाले गेलं का तास खपला. आमी तं साडेअकरालेच कोपरा धरून बसतो.

सखी_बचतगट

जेवणाबद्दल भाऊ बरोबर बोलले. आम्ही दशम्या नेतो. दुधात मळलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात, भाकरी मात्र दुपारपर्यंत कडक होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, तेलात परतलेली कोरडी गवार किंवा पिठलं घट्ट करून वड्या. पातळ काही नको. डबे नकोत, स्टीलचं ओझं परत आणावं लागतं. दशम्या सुती फडक्यात, चटणी प्लॅस्टिकच्या लहान डबीत. संध्याकाळी फडकं घडी करून खिशात.

फळांत पेरू आणि संत्री. केळी पिशवीत दाबली जातात आणि मग सगळ्या कॅटलॉगना वास.

डॉ_गल्लीबोळ

अण्णांना दशमी चालेल, फक्त गुळाची नको. आणि थकवा आला म्हणून मिळेल ते ‘एनर्जी’चं गोड पेय देऊ नका. साखर कमी झाली असेल तरच साखर. एरवी साधं पाणी, ताक बरोबर असेल तर ताक. ओआरएसची पुडी उलटी-जुलाब झाले तर असावी म्हणून एक ठेवा, पण ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच करायची (मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर), ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी असं नाही.

बाकी औषधांत: नेहमीच्या गोळ्या एका दिवसाच्या नाहीत, दोन दिवसांच्या घ्या. गाडी बंद पडली तर? पॅरासिटामॉल, चिकटपट्ट्या, थोडा कापूस. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो निदान दोघांच्या फोनमध्ये.

भीमाकाठ

पिशव्यांचं सांगतो. लोकांचा सगळा घोळ इथेच होतो.

जाताना पिशवी रिकामी वाटते, येताना कॅटलॉगच्या कागदाने खांदा उतरतो. गुळगुळीत कागद फार वजनदार. दालनागणिक चार-पाच पुस्तिका घेतल्या तरी दुपारपर्यंत पाच-सहा किलो सहज. म्हणून नियम: रंगीत चित्रांचं पुस्तक घ्यायचं नाही, दरपत्रक घ्यायचं. ते नसेल तर यंत्रावरच्या पाटीचा फोटो काढायचा आणि लगेच पुढचा फोटो स्टॉलच्या नावाचा. नुसत्या यंत्राचे फोटो घरी आल्यावर कुणाचे ते ओळखू येत नाहीत. कागद घेतलाच तर सांगितलेला भाव आणि सांगणाऱ्याचं नाव जाड पेनाने त्याच कागदावर लिहा, तिथल्या तिथे.

दोन पट्ट्यांची शाळेची सॅक घ्या, पोराची जुनी चालते. एका खांद्याची झोळी चार तासांनंतर मान धरते. सॅकमध्ये एक घडीची कापडी पिशवी ठेवा, कागद त्यात. पाणी-जेवण आणि बियाणं-औषध एका पिशवीत कधीच नाही. नमुना म्हणून मिळालेली कसलीही बाटली किंवा पुडी असो, स्वतंत्र प्लॅस्टिक पिशवीत गाठ मारून. आणि हात धुतल्याशिवाय दशमीला हात नाही.

आता माझी आवडती युक्ती. झेरॉक्सवाल्याकडे स्टिकरच्या कागदावर छोट्या पट्ट्या छापून घ्या: नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिकं, क्षेत्र, फोन. प्रत्येक स्टॉलवर रजिस्टर किंवा चिठ्ठी भरायला सांगतात. पट्टी चिकटवली की झालं. फोन नंबर मात्र दुसऱ्या सिमचा द्या, नाहीतर होळीपर्यंत "सर, आपण प्रदर्शनाला आला होतात" सुरू राहतं.

स्टॉलच्या_पलीकडून

त्या पट्ट्यांबद्दल आमच्याकडूनही आभार. अक्षर लावता न आल्यामुळे आमचे निम्मे फोन भलत्यांनाच लागतात. आणि खरंच घ्यायचं असेल त्या दोन-तीन ठिकाणी खरा नंबर द्या की राव!

तालुका_प्रतिनिधी

बियाणं किंवा रोपं घेणार असाल तर बिलावाचून घेऊ नका. बिलावर पीक, वाण, लॉट नंबर, तुमचं नाव आणि सही. पाकिटाचं लेबल आणि मूठभर बी पेरणीनंतरही जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे याच गोष्टी मागतात. बिल थर्मल कागदाचं असेल तर छपाई काही महिन्यांत उडते, त्याच दिवशी फोटो काढा.

डाळिंबवाल्यांना खास सांगणं: तेल्या आलेलं फळ किंवा मर लागलेली फांदी दाखवायला म्हणून पिशवीत घालून आणू नका. दरवर्षी कुणी ना कुणी आणतो आणि हातोहात फिरवतो. तेल्या जिवाणूजन्य आहे. हात, पिशवी, कात्री यांवरून दुसऱ्याच्या बागेत जातो. फोटो आणा: पूर्ण झाड, फांदी, फळ जवळून, असे तीन. नमुनाच तपासायचा असेल तर सोलापूरला केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्यासाठी मोशीपेक्षा जवळ आहे.

डाळिंबवाला_सांगोला

चुलत्यांनी खरंच तीन फळं कागदात गुंडाळून ठेवली होती. बाहेर काढली.

हानोवरकर

मी मूळचा नाशिकचा, आता जर्मनीत शेती-यंत्रांच्या कारखान्यात. इथे हानोवरला विषम वर्षांत नोव्हेंबरमध्ये अ‍ॅग्रिटेक्निका भरतं. पंचवीसेक दालनं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आवारातच बस. बाहेर पाऱ्याने पाच अंश गाठलेले आणि आत दालनं तापवलेली. इथले शेतकरी पहिलं काम काय करतात? कोट गार्डरोबमध्ये जमा करतात आणि हात मोकळे करून फिरतात. आपल्याकडून आलेली मंडळी मात्र जाडजूड जॅकेट दिवसभर हातावर वागवतात, पैसे वाचवायला. कोटाचे दोन युरो वाचतात आणि संध्याकाळी खांदे भरून येतात.

मोशीत गार्डरोब नसला तरी गाडी आहे ना? तीच तुमची खोली समजा. अकरा वाजता एकाने स्वेटर गोळा करून गाडीत टाकायचे, दुपारी कागद नेऊन टाकायचे. पार्किंग लांब असतं म्हणून कंटाळा येतो, पण सगळ्यांनी आळीपाळीने केलं तर जमतं.

यंत्रवेडा

गाडीवरून आठवलं. पार्किंगच्या मैदानात हजारो गाड्या, त्यात पांढऱ्या क्रूझर शंभर. गाडी लावली की आजूबाजूची खूण दिसेल असा फोटो काढा. खांब किंवा फलक चालेल. पाण्याचा टँकर नको, तो हलतो. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात. गर्दीच्या वेळी फोन लागत नाहीत, शिवाय दुपारनंतर निम्म्यांची बॅटरी संपलेली. एक पॉवर बँक आणि दोन वायरी गाडीमागे पुरे, पण ती आदल्या रात्री चार्ज केलेली असावी.

चुकामूक झाली तर शोधायला फिरायचं नाही. आधी ठरलेल्या एकाच जागी जाऊन बसायचं. वेळही ठरलेली: एक वाजता आणि चार वाजता. म्हाताऱ्या माणसांना "गेटपाशी" एवढं सांगून भागत नाही, गेट एकापेक्षा जास्त असतात. नंबर सांगा, आत शिरताना दाखवा.

कंजूस_करवीर

आणि तिकिटाचं घरूनच बघून ठेवा. ऑनलाइन नोंदणी करून ठेवली की सकाळची रांग वाचतीय. फोनवर आलेला पास स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिथं नेट चालंल याची खात्री नाही. सगळ्यांचे पास एकाच्याच फोनात ठेवू नका, तो माणूस पार्किंगला गेला की बाकीचे बाहेर.

माळरान

बारामतीचं कृषिक बघायला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण पुष्कळ जण दोन्हीकडे एकाच तयारीने जातात. जानेवारीत कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर असतं ते. तिथे उभी पिकं बघायची असतात, वाफ्यावाफ्यातून चालायचं. वर मांडव नाही, ऊन थेट डोक्यावर. टोपी रुंद काठाची हवी. बूट धुता येतील असे. पाणी दिलेल्या रानाच्या कडेने चिखल असतो. आणि घरी आल्यावर बूट घासून धुवा, तळाला लागलेली माती तशीच आपल्या बागेत नेऊ नका. मर रोगाची बुरशी मातीतून येते हे डाळिंबवाल्यांना सांगायला नको.

डाळिंबवाला_सांगोला

हे खरंच लक्षात नव्हतं आलं. जानेवारीचाही विचार चालू आहे.

एक शंका: पैसे किती न्यावेत? यूपीआय चालतं ना?

स्टॉलच्या_पलीकडून

चालतं, पण नेट अडकलं की रांग थांबते. किरकोळ खरेदीला, म्हणजे कात्री, बियाणं, चहा-पाणी यासाठी थोडी रोख ठेवा, सुट्ट्या नोटांत. मोठ्या यंत्राची आगाऊ रक्कम रोख देऊ नका. दिलीच तर छापील पावती, त्यावर मॉडेल, ठरलेली किंमत, जीएसटी धरून की सोडून, वाहतूक कुणाची आणि रद्द केलं तर किती परत हे लिहून घ्या. ‘बघू, समजून घेऊ’ या शब्दावर कुणालाही पैसे देऊ नका, आम्हालासुद्धा.

सखी_बचतगट

गटाच्या पैशाने घेणार असाल तर ठरावाची प्रत आणि दोन सह्या करणाऱ्या बाया बरोबर हव्यात. नाहीतर यंत्र आवडतं आणि सही करणारी घरी शेंगा फोडत बसलेली असते.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा, आमी सकाळी पुन्याले उतरतो. अंघोळ-बिंघोळ करून कपडे बदलले का मंग झोरे कुठी ठेवाचे? अन् मोशीले जाचं कसं?

भीमाकाठ

भाऊ, पुणे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिकीट दाखवावं लागतं आणि सामानाला कुलूप हवं, कुलूप नसलेला झोळा घेत नाहीत. म्हणून जेवण आणि कागद बाजूला काढा, बाकी चेनची बॅग करा आणि लहान कुलूप घरून आणा. स्टेशनबाहेर मिळतं, पण भाव त्यांच्या मनाचा.

जायला: स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्ट (आता नाव ‘जिल्हा न्यायालय’), तिथे गाडी बदलून जांभळ्या मार्गाने पिंपरीच्या दिशेला, नाशिक फाट्याला उतरायचं. पुढे पुणे-नाशिक रस्त्याने मोशीकडे जाणारी पीएमपीची बस किंवा शेअर रिक्षा. स्वारगेटला एसटीने उतरणाऱ्यांनाही हाच जांभळा मार्ग सोयीचा. परतीच्या गाडीची वेळ बघून साडेचारलाच निघा. प्रदर्शन सुटल्यावर त्या रस्त्यावर रिक्षाही हलत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

कुलूप घेतो. साडेचारले निघाचं म्हन्जे ट्रॅक्टरवाल्याईले आधी उरकतो, बाकीचं मंग.